दुपारी दोनची साईट मीटिंग

किस्से साठवावे लागत नाहीत. कूलरच्या टाकीत गाळ बसतो तसे ते आपोआप साठतात, आणि वर्षातून एकदा टाकी उपडी करायला कोणीतरी भेटावं लागतं. आज तुम्ही भेटलात, तर बसा.

मी नागपुरात रस्त्यांचं काम करते. म्हणजे रस्ते बांधत नाही हं! रस्त्यावरून पायी जाणारा माणूस उन्हानं भाजून निघू नये, एवढंच बघते. सावली कुठे हवी, झाड कुठलं, बसायला काय, पाणी कुठे, हा आमचा धंदा. ऑफिस चार जणांचं. आमचे प्रमुख भोयर सर, पुण्याहून आलेली रुचिरा, साईटवरचं सगळं बघणारे गुणवंतभाऊ आणि मी.

ऑफिसच्या दारावर पाटी लागली, “बाह्य उष्मा-सुखावह आराखडा कक्ष”. ती वाचून कोणाला काय कळणार! पहिल्याच आठवड्यात कळमेश्वरचे एक काका पिशवीत कूलरची मोटर घेऊन हजर झाले.

“पाणी फेकून नाही राहिली,” म्हणाले.

रुचिरानं त्यांना बसवलं, नकाशा उघडला आणि शहरातल्या उष्ण पट्ट्यांबद्दल छान समजावून सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग गुणवंतभाऊंकडे वळून हळूच विचारलं, “भाऊ, हे पोरगी हुशार आहे, पण मोटर कोण पाहते?”

गुणवंतभाऊंनी मोटर उघडली, अडकलेला कचरा काढला आणि चालू करून दिली. काका जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेले. “सरकारी ऑफिस असावं तं असं!”

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आणखी बऱ्याच मोटरी आल्या. आराखड्याबद्दल विचारायला मात्र कोणी आलं नाही.

* * *

आता आमच्या रस्त्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिथलंच आहे.

उमरेडकडे जाणाऱ्या गाड्या जिथून सुटतात, तिथून बाजारापर्यंत एक रस्ता जातो. दोन्ही बाजूंना जुने कडुनिंब आहेत. तो रस्ता रुंद करायचा, म्हणजे झाडं काढायची, असं घाटत होतं. भोयर सरांनी बरीच डोकेफोड करून एक उन्हाळा मागून घेतला. अट अशी ठरली की भर उन्हाळ्यात, भर दुपारी या रस्त्यावर माणसं चालताना दिसली, तर झाडं राहतील आणि आम्हाला असे आणखी रस्ते करायला मिळतील. नाही दिसली, तर झाडांवर करवत आणि आमच्या ऑफिसला कुलूप. सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. आयुष्यभर त्यांनी उड्डाणपूल बांधले, आणि ते स्वतःच म्हणायचे, “मोटारींसाठी खूप केलं. जाता जाता एक रस्ता माणसासाठी करून जायचा आहे.” हे म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा, आणि आम्ही तिघं मग उन्हाबिन्हाची तक्रार करत नसू.

सरांचा नियम एकच. सावलीची मीटिंग एसीत घ्यायची नाही. दुपारी दोन वाजता, साईटवर, उभ्यानं! या नियमाचा एक फायदा असा झाला की आमच्या मीटिंगला कोणी भाषण केलं नाही.

बाकांचं कंत्राट सावनेरच्या घाटोळेंकडे होतं. माणूस दिलदार, पण स्टीलचा भारी शौक. चकचकीत स्टीलचा एक बाक त्यांनी नमुना म्हणून आणून ठेवला. आरशासारखा! दुपारी दोनला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सर म्हणाले, “घाटोळे, तुम्ही यावर पाच मिनिटं बसून दाखवा. मी इथेच सही करतो.”

घाटोळे पडले जिद्दी. बसले! चेहरा एकदम शांत. मध्ये गुणवंतभाऊंनी विचारलं, “कसं वाटते गा?” तर म्हणाले, “एक नंबर!” पाच मिनिटं झाली. सर शब्दाला पक्के, त्यांनी खिशातून पेन काढून सही केली. आम्ही सगळे हिरमुसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटोळे स्वतःच ऑफिसात आले. खुर्ची दिली, तर बसले नाहीत.

“सर, ते सही खोडून टाका. मी लाकडाचे बाक लावतो.”

“का हो? काल तर एक नंबर होता!”

“होता ना. पण घरी बायको विचारून राहिली, ‘काहून उभ्यानं जेवून राहिले?’ तिले काय सांगू?”

* * *

रुचिराचा सर्व्हे हा आमच्याकडचा अजरामर विषय आहे.

तिनं शास्त्रशुद्ध प्रश्नावली केली होती. रस्त्यावरच्या माणसाला थांबवून विचारायचं, “आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? असह्य गरम, खूप गरम, थोडं गरम, की सुखद?” मे महिना, दुपारची वेळ. कावळासुद्धा बाहेर दिसत नव्हता. पहिला माणूस आला. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, नाकाचं टोक तेवढं उघडं.

“आज?” त्यानं वर बघितलं. “आज तं थंड आहे बाप्पा!”

दुसरा म्हणाला, “हे काय ऊन आहे? ऊन तं मागच्या वर्षी होतं.”

तिसरा म्हणाला, “जरा हवा सुटली आहे. मस्त वाटून राहिलं.”

बिचारी आठवडाभर फिरली. स्वतः दोनदा चक्कर येऊन खाली बसली, दोन्ही वेळा ज्यांना उन्हाचं विचारलं त्यांनीच तिला कांद्याचा वास दिला आणि वर म्हणाले, “पुण्याची आहे ना, म्हणून.” सर्व्हेचा निकाल लागला तेव्हा सरांनी कागद दोनदा वाचला. त्या निकालाप्रमाणे नागपूर हे थंड हवेचं ठिकाण होतं!

मग सरांनी प्रश्नच बदलला. “माणूस काय बोलतो ते सोडा. नागपूरचा माणूस उन्हापुढे हार मानणार नाही. तो उभा कुठे राहतो ते बघा.”

आम्ही बघायला लागलो. आणि बस थांब्यावर काय दिसावं? छत नसलेला थांबा, तिथे एक विजेचा खांब. त्या खांबाची बोटभर सावली पडलेली. आणि त्या सावलीत, एकामागे एक, सरळ रेषेत उभी असलेली माणसं! शिस्त अशी की कवायतीला लाजवेल. सावली सरकली की सगळी रांग मुकाट्यानं अर्धं पाऊल सरकायची.

रुचिरा त्या रांगेत शेवटच्या माणसाजवळ गेली. “काका, इथे का उभे आहात? ऊन लागतंय का?”

काकांना प्रश्न आवडला नाही. “ऊन? ऊन कोण म्हणते? मी बसची वाट पाहून राहिलो.”

* * *

एकदा सुशोभीकरणवाल्यांशी आमची मीटिंग होती. त्यांना कडुनिंबांच्या मधल्या मोकळ्या जागांत पाम लावायचे होते. बुंधा बाटलीसारखा, वर चार पानं. “परदेशात असतात तसे दिसतील,” असं त्यांचे साहेब म्हणाले. चित्रं सुंदर होती. चित्रात एक बाई सोनेरी केस मोकळे सोडून पामखाली चालत होती, आणि तिला घामाचा थेंबही आलेला नव्हता.

सरांनी नेहमीप्रमाणे मीटिंग साईटवर घेतली. कोपऱ्यावर आधीपासून एक पाम होताच. साहेब त्याच्या बुंध्याशी उभे राहून बोलायला लागले. बोलता बोलता सावली शोधत ते झाडाभोवती फिरू लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. आम्ही सगळे समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहून ऐकत होतो.

तिसऱ्या फेरीला गुणवंतभाऊंना राहवलं नाही. ते ओरडले, “साहेब, इकडं या! पामच्या सावलीत पाम बी उभा नाही राहत!”

साहेब आले. आणि मधल्या जागांत करंज लागले.

* * *

आता वच्छलाबाई. आमच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या कडुनिंबाखाली त्या सुती दुपट्टे विकतात. मूळ उमरेडच्या, विणकर घरातल्या. माग केव्हाच बंद झाले, पण कापडाची पारख गेली नाही. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय आमच्याकडे कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे मे महिना म्हणजे त्यांची दिवाळी.

आम्ही बांबूचे तट्टे आणि वेलींचे मांडव घालायला लागलो, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, एक सांगा. सगळीकडं सावली करून राहिले तुम्ही?”

“हो. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

“मग माहे दुपट्टे कोण घेईन?”

प्लॅनिंगच्या कोणत्याही पुस्तकात याचं उत्तर नाही. मी म्हटलं, “अहो, पण आम्ही हरलो तर हे झाडच जाईल. मग तुम्ही बसाल कुठे?”

त्यांनी विचार केला. झाडाकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं. मग एखादा मोठा तह करावा तसं म्हणाल्या, “असं करा. झाड वाचवा. पण चौकातलं ऊन तेवढं राहू द्या!”

चौकात छत घालायचं आमच्या आराखड्यात नव्हतंच. पण मी तसं सांगितलं नाही. “बघते, सरांशी बोलते,” म्हटलं. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं वजन फार वाढलं, आणि मला दुपट्टा नेहमी कमी भावात मिळतो.

* * *

चौकावरून आठवलं. आमच्याकडे लाल सिग्नल लागला की दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीशी थांबत नाहीत. झाडाची सावली जिथे संपते तिथे थांबतात. आमचे करंज अजून पोरसवदा, पण शेवटच्या कडुनिंबाची सावली दाट. सगळी गर्दी तिथे! चौकापर्यंतचा रस्ता मोकळा, आणि लांब मागे हेल्मेटांचा डोंगर.

वाहतूक पोलीस वैतागून आमच्या ऑफिसात आले. “तुमच्या झाडापायी माहा चौक रिकामा राहते! हिरवा लागून पुन्हा लाल होते, तरी हे लोक चौकात पोचत नाहीत. काहीतरी करा.”

सरांनी त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी बघायला येतो म्हणाले.

आम्ही दोनला गेलो. चौकात पोलीस नव्हते. उन्हात त्यांची छत्री तेवढी एकटी उभी. शोधलं, तर ते मागे कडुनिंबाखाली, दुचाकीवाल्यांच्या घोळक्यात, तिथूनच शिट्टी वाजवून हात दाखवत होते.

सर म्हणाले, “काय हो, तक्रार होती ना तुमची?”

“होती सर. पण गिऱ्हाईकच इकडं आहे, तं मी तिकडं उभा राहून काय करू?”

* * *

बस थांब्याचं उद्घाटन मात्र आमच्या जिव्हारी लागलेलं आहे.

त्या थांब्याचं डिझाईन उत्तरेतल्या एका मोठ्या शहरातून आलं होतं. छताला सलग पत्रा नाही, उभ्या पट्ट्या. सूर्य तिरपा असला की पट्ट्या ऊन अडवतात आणि वारा खेळतो. त्यांच्याकडे सूर्य भर उन्हाळ्यातही थोडा तिरपाच राहतो. आमच्याकडे मात्र मेच्या अखेरीस तो बरोबर टाळक्यावर येतो! एक दिवस तर असा असतो की ऐन माध्यान्ही सरळ उभ्या खांबाची सावली पडतच नाही. आणि पाहुण्यांना नेमकी त्याच दिवसाची, त्याच वेळेची सवड होती.

फीत कापली, टाळ्या झाल्या. पाहुणे थांब्याखाली उभे राहिले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ऊन-सावलीच्या पट्ट्या उमटल्या. ते बाहेर आले. सहज खाली पाहिलं आणि दचकले. पायाशी सावलीच नाही! आपली सावली दिसेनाशी झाली की माणसाचं काही खरं नाही, असं आपल्याकडे म्हणतातच. पाहुण्यांचा चेहरा उतरला.

सरांना राग येत नाही, त्यांना शिकवायला आवडतं. ते आनंदानं पुढे झाले. “घाबरू नका साहेब! ही खगोलशास्त्रीय गंमत आहे. आज या वेळेला शहरात कोणाचीच सावली पडत नाही!”

पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं, थांब्याकडे पाहिलं, थांब्यावर लावलेल्या आमच्या पाटीकडे पाहिलं.

“अन् तुम्ही सावलीच्या कामाचा पगार घेऊन राहिले?”

संध्याकाळी आम्ही स्वतः शिडीवर चढून छतावर बांबूचे तट्टे बांधले. सर खालून शिडी धरून होते आणि आकाशाकडे बघून अजूनही कौतुकानं मान हलवत होते.

* * *

आणि मग तपासणीचा दिवस आला.

मुंबईहून एक मोठे साहेब येणार होते. निर्णय त्यांच्या हातात. माणूस कडक, बोलणं मोजकं, अशी ख्याती. सोबत रुंदीकरणवाले इंजिनीअर. वेळ दुपारी दोनची, ती आमच्या सरांनीच मागून घेतली होती. आम्हाला खात्री होती हो! रस्ता तयार होता. बाक लाकडाचे, पाण्याचे माठ भरलेले, करंजांना पालवी, कडुनिंबांच्या बुंध्याभोवती बसायला पार बांधलेले. त्या आठवड्यात तयारीच्या गडबडीत आम्ही सकाळ-संध्याकाळच यायचो, आणि तेव्हा माणसं मजेत चालत होती.

आम्ही जरा आधी पोचलो. रस्ता माणसांनी भरलेला होता. पण चालत कोणीच नव्हतं.

सगळे झोपले होते!

पारावर ऑटोवाले झोपले होते. बाकांवर उमरेडच्या गाडीचे प्रवासी, गाठोडं उशाला घेऊन. जेवण पोचवणारे डिलिव्हरीवाले पाठीवरच्या मोठ्या पेटीला टेकून. वच्छलाबाई दुपट्ट्यांच्या ढिगावर. एवढी छान सावली मिळाल्यावर, जेवणानंतर, मे महिन्यात, नागपूरचा माणूस दुसरं काय करणार? हे आम्हा तिघांना, जन्मानं नागपूरकर असलेल्यांना, सुचू नये!

अट चालण्याची होती. सरांचा चेहरा पांढरा पडला. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे बघवेना.

“आपणच चालू या,” रुचिरा म्हणाली.

आणि चाललो की! चौघंही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाजारात निघाल्यासारखे, हातात रिकाम्या पिशव्या घेऊन. गुणवंतभाऊ तर प्रत्येक फेरीला दुपट्टा बदलत होते. एकदा लाल, एकदा चौकड्याचा.

साहेबांची गाडी आली, तसे सर पिशवी माझ्याकडे देऊन पुढे झाले. ते उतरले, इंजिनीअर उतरले. काखेत नकाशांची जाडजूड गुंडाळी. साहेब थोडा वेळ उभे राहिले. गुणवंतभाऊ हिरव्या दुपट्ट्यात समोरून गेले.

“हे गृहस्थ बाजारात काय विसरतात सारखं?” साहेबांनी विचारलं.

सरांनी खाली मान घातली. मग म्हणाले, “साहेब, खोटं नाही बोलत. हे आमचेच आहेत. आज इथे चालणारं कोणी नाही.”

“बघा!” इंजिनीअर म्हणाले. “मी आधीपासून सांगतोय, सर. एकही पादचारी नाही. रस्ता मोकळा करून टाकू.”

पाठीमागे हात बांधून साहेब एकेका झाडाखालून हळूहळू चालत गेले. झोपलेल्या माणसांचे चेहरे बघत होते. एका ऑटोवाल्याचा पाय पाराबाहेर आला होता, त्याला वळसा घालून गेले. आम्ही मागे मागे, आवाज न करता. रस्त्याच्या शेवटपर्यंत जाऊन ते परत आले आणि गाडीजवळ थांबले.

गाडी चालू होती. एसी चालू, काचा बंद. ड्रायव्हर आत नव्हता.

“कुठे गेला?” इंजिनीअरनी इकडेतिकडे पाहिलं.

ड्रायव्हर समोरच्याच पारावर होता. चपला काढून, डोक्याखाली हात घेऊन, गाढ झोपलेला.

“अरे ए!” इंजिनीअर तरातरा निघाले.

“शूऽऽ,” साहेब म्हणाले.

इंजिनीअर जागच्या जागी थांबले. साहेबांनी खिडकीतून हात घालायला जावं तर काच बंद, म्हणून दार उघडून स्वतःच गाडी बंद केली. मग इंजिनीअरपुढे हात केला.

“ती गुंडाळी द्या जरा.”

इंजिनीअरांचा चेहरा खुलला. “हो सर! रुंदीकरणाचा संपूर्ण नकाशा आहे. दोन्ही बाजूंची काढायची झाडं लाल खुणेनं दाखवली आहेत.”

आमच्या सरांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी गुंडाळी हातात घेतली, जरा दाबून पाहिली. पारावर ड्रायव्हरच्या शेजारी बसले. बूट काढून खाली नीट जोडीनं ठेवले. गुंडाळी उशाला घेतली आणि आडवे झाले.

“चार वाजता उठवा,” म्हणाले.